पिशवीतले पांढरे सूत



आज आम्ही तुमच्याशी अळिंबीविषयी बोलणार आहोत. कुणी तिला अळंबी म्हणते, कुणी भूछत्र म्हणते. पोरेटोरे तिला कुत्र्याची छत्री म्हणतात. शहरातल्या बाजारात तिलाच मश्रूम म्हणतात. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात वारुळापाशी उगवणारी अळमी लोक हौसेने शोधून आणतात.

पण छत्रीविषयी आम्ही थोडेच बोलणार. छत्रीच्या आधी जे असते, त्याविषयी जास्त बोलणार. घरी अळिंबी लावणाऱ्याचे नुकसान होते ते बहुतेक वेळा छत्री दिसण्याच्या आधीच होते. पिशवीत काय चालले आहे हे त्याला कळत नाही. मग तो चांगली पिशवी फेकून देतो आणि वाईट पिशवी जपून ठेवतो.

रात्री पाऊस पडतो. सकाळी पाहावे तो परसात छत्र्या उभ्या! काल तर तिथे काहीच नव्हते. म्हणून जुनी माणसे म्हणत, वीज कडाडली की भूछत्र उगवते. खरे असे आहे की ती रात्रीत आलेली नसते. ती जमिनीत आधीपासूनच असते. आंब्याचे झाड आपल्याला वर्षभर दिसते आणि फळ दोन महिने दिसते. अळिंबीचे उलटे आहे. तिचे फळ तेवढे चार दिवस वर येते. तिचे झाड जमिनीत, पाल्यात, लाकडात लपलेले असते.

हे झाड कसे असते? त्याला खोड नाही, पान नाही, मूळ नाही. ते म्हणजे नुसते सूत. केसाहूनही बारीक, पांढरे सूत. एक धागा डोळ्यांना दिसायचा नाही. हजारो धागे एकत्र आले की पिंजलेल्या कापसासारखे दिसतात. धागा टोकाशी वाढतो. वाढता वाढता त्याला फाटे फुटतात. फाट्यांना पुन्हा फाटे फुटतात. अशी जाळी तयार होते. शिकलेली माणसे तिला कवकजाल म्हणतात. आपण सूत म्हणू, म्हणजे झाले.

सुताचे जेवण कसे असते तेही ऐका. झाडाचे पान हिरवे असते. ते उन्हात आपले अन्न तयार करते. सूत हिरवे नाही. त्याला आयते अन्न लागते. आपण आधी गिळतो आणि मग पोटात पचवतो. सूत आधी पचवते आणि मग गिळते. आपल्या अंगातून ते एक रस सोडते. त्या रसाने पेंढा, लाकूड, पालापाचोळा विरघळू लागतो. विरघळलेले सत्त्व सूत शोषून घेते. म्हणून सूत लागलेला पेंढा हळूहळू मऊ पडतो.

आणि हे सूत किती पसरावे? अमेरिकेत ओरेगॉन राज्यात एक जंगल आहे. तिथे जमिनीखाली एकाच बुरशीचे सूत सुमारे ९६५ हेक्टर पसरलेले शास्त्रज्ञांना आढळले. म्हणजे जवळजवळ २४०० एकर! आपल्याकडची कितीतरी गावे शिवारासकट त्यात मावतील. आपल्याला एवढे नको. आपल्याला एक पिशवी भरली तरी पुरे.

आता घराकडे वळू. घरी लावायला सगळ्यात सोपी अळिंबी म्हणजे धिंगरी. तिचा आकार शिंपल्यासारखा असतो. भाताच्या पेंढ्यावर ती वाढवण्याचा अभ्यास म्हैसूरच्या अन्न संशोधन संस्थेत बानो आणि श्रीवास्तव या शास्त्रज्ञांनी १९६२ साली प्रसिद्ध केला. गव्हाचे काड, सोयाबीनचे काड, उसाचे पाचट यांवरही ती येते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचा अभ्यास करणारे केंद्र आहे. तिथे, किंवा तुमच्या जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी केली, तर बियाणे कुठे मिळेल ते कळते.

बियाणे म्हणतो खरे. पण ते बी नव्हे. गव्हाचे किंवा ज्वारीचे दाणे शिजवून त्यांवर हे सूत चढवलेले असते. आयाबायांना लगेच समजेल असे सांगतो. ते विरजण आहे. चमचाभर विरजण हंडीभर दुधाचे दही करते. तसे मूठभर दाणे पिशवीभर पेंढा पांढरा करतात. विरजणाचे सगळे नियम इथे लागू आहेत. दूध कढत असताना विरजण घातले तर ते मरते. फार गार असले तर लागत नाही. भांडे घाण असले तर दही नासते. आणि लागत असताना कुणी हंडी हलवत बसत नाही.

विरजणासाठी दूध आधी तापवतो. का? दुधात दुसरे जंतू असतात, ते मरावेत म्हणून. पेंढ्यातही दुसऱ्या बुरशा असतातच. त्याही भुकेल्या असतात. पिशवीत शर्यत लागते. आपले सूत आधी पोचले तर पेंढा आपला. हिरवी बुरशी आधी पोचली तर पेंढा तिचा. तुमचे निम्मे काम म्हणजे या शर्यतीत आपल्या सुताला पुढे सोडणे.

त्यासाठी पेंढा यंदाचा, कोरडा आणि पावसात न भिजलेला घ्या. भिजून काळवंडलेल्या पेंढ्यात शत्रू आधीच घर करून बसलेला असतो. दोन-तीन बोटे लांबीचे तुकडे करा. पोत्यात भरून रात्रभर गार पाण्यात भिजू द्या. सकाळी तेच पोते कढत पाण्यात तासभर बुडवून ठेवा. पाणी ८० अंश गरम हवे. उकळी फुटायच्या बेताला आलेले पाणी आणि खाली सतत जाळ, असे समजा. काही जण गरम पाण्याऐवजी फॉर्मॅलिनसारख्या औषधाच्या पाण्यात पेंढा भिजवतात. त्याने डोळे आणि घसा झोंबतो. लेकराबाळांच्या घरात आम्ही तरी गरम पाणीच सांगू. चार काटक्या जास्त जळतील, जळू द्या.

मग पेंढा स्वच्छ जागी उतरता पसरून निथळू द्या, निवू द्या. आता मूठ पारखायची. पेंढा मुठीत घट्ट दाबा. तळहात ओला झाला पण धार लागली नाही, तर बरोबर. धार लागली तर अजून थांबा. सुताला हवा लागते. ते श्वास घेते. पाण्याने चिंब झालेल्या पेंढ्यात ते गुदमरते. मग आंबूस वास येतो आणि पेंढा सडतो. नवशिक्यांच्या पिशव्या कमी पाण्याने क्वचित जातात, जास्त पाण्याने मात्र पुष्कळ जातात.

पिशवी प्लॅस्टिकची, ३५ सेंटिमीटर रुंद आणि ५५ सेंटिमीटर लांब. दीड किलो कोरडा पेंढा भिजून निथळला की पाच किलोंच्या आसपास होतो. त्याला १०० ग्रॅम बियाणे पुरते. हात साबणाने धुवा. चार बोटे पेंढ्याचा थर, त्यावर कडेकडेने बियाणे, पुन्हा थर, पुन्हा बियाणे. थर दाबून बसवा. पोकळी राहिली तर सुताला एका काडीवरून दुसऱ्या काडीवर जाता येत नाही. तोंड बांधा. स्वच्छ सुईने किंवा दाभणाने चोहोबाजूंनी २५-३० भोके पाडा. अंधाऱ्या, थंड खोलीत पिशवी ठेवा.

पिशवी ठेवली, आता खरी परीक्षा. पुढचे पंधरा-वीस दिवस हाताला काहीच काम नाही. डोळ्यांना मात्र आहे. आम्ही तीन पिशव्या बरोबर आणल्या आहेत. त्या हातोहात पुढे द्या. पण हळू द्या, दाबू नका.

ही पहिली पिशवी चौथ्या दिवसाची. दाण्याकडे पाहा. प्रत्येक दाण्याभोवती पांढरे वलय दिसते. जणू कापसाचे बोंड उकलू लागले आहे. दाण्यातले सूत बाहेर पडून काडीवर पाय टाकते आहे. आठ दिवस झाले तरी असे वलय दिसले नाही, तर बियाणे मेलेले होते किंवा पेंढा गरम असतानाच ते घातले गेले, असे समजावे.

ही दुसरी, बाराव्या दिवसाची. वलये एकमेकांना जाऊन मिळाली आहेत. मधे मधे पेंढ्याचा पिवळा रंग अजून दिसतो. इथेच माणसाचा धीर सुटतो. आत काय झाले ते पाहू म्हणून तो पिशवी सोडतो. हे करू नका. उघड्या तोंडातून दुसरी बुरशी आत शिरते.

ही तिसरी, अठराव्या दिवसाची. सगळी पांढरी. उचलून पाहा. पेंढा सुटा राहिलेला नाही. सुताने काडीला काडी शिवून विटेसारखा गठ्ठा केला आहे. भोकाशी नाक न्या. ताज्या अळिंबीचा वास येतो. सडका नाही, आंबट नाही. कधी आतल्या बाजूला पिवळसर थेंब दिसतात. एवढ्याने भिऊ नका. तळाशी पाणी साचून घाण येत असेल तर मात्र पिशवी बिघडली.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. सूत वाढताना स्वतः ऊब तयार करते. पिशवीतली ऊब खोलीपेक्षा जास्त असते. सुताला २२ ते २८ अंश मानवते. पस्तिशीच्या वर ते मलूल होते. म्हणून पिशव्या एकमेकींना खेटून रचू नका. मधे वीतभर जागा सोडा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात साध्या घरात हा उद्योग करू नये. पाऊस लागला की सुरू करावा आणि थंडी सरेपर्यंत चालवावा. फार थंडीत सूत सावकाश चालते, एवढेच.

आता एका घरची हकिगत सांगतो. घरात सासू, सून, दोन लेकरे. मुलगा कामासाठी बाहेरगावी. सुनेने बचत गटातून थोडे कर्ज काढले आणि सहा पिशव्या भरल्या. घरात कुणाशी ती फारसे बोलली नव्हती. सतराव्या दिवशी ती एका लग्नाला गेली. इकडे सासूबाई खोली झाडायला आत शिरल्या. पाहतात तो सहाही पिशव्या बुरशीने पांढऱ्याफेक! लोणच्यावर बुरा आला तर बरणी फेकायची, भाकरीवर आला तर भाकरी फेकायची, हे त्या जन्मभर करत आल्या होत्या. सून आली.

"आत्याबाई, पिशव्या कुठं गेल्या?"

"नासल्या होत्या गं. सगळ्या बुरसल्या होत्या. फाडून उकिरड्यावर टाकल्या. घरात लेकरं आहेत."

सून मटकन खाली बसली. कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्यात होता. त्या रात्री घरात कुणी कुणाशी बोलले नाही. पाच-सहा दिवसांनी उकिरड्यावर राखी रंगाच्या अळिंबीचे झुबके उठले. पोरे नाचत सांगत आली. सासूबाईंनी जाऊन पाहिले आणि पदर तोंडाशी धरला.

मंडळी, त्या म्हातारीची चूक नव्हती. तिच्या हातून घरात कधी नासके अन्न खाल्ले गेले नव्हते. तिला कुणी सांगितलेच नव्हते की ही बुरशी आपण पेरलेली आहे. म्हणून पिशवी भरताना घरातल्या सगळ्यांना जवळ बसवा. ज्यांच्या हातात झाडू असतो त्यांना तर आधी बसवा.

आम्ही त्या घरी गेलो तेव्हा सासूबाईंनी विचारले, "मग आता ती उकिरड्यावरची खायची का?" आम्ही नको म्हटले. उकिरड्यावर आणखीही छत्र्या उगवतात. त्यात विषारीही असू शकते. सहा पिशव्यांसाठी जीव धोक्यात घालायचा नाही. पुढच्या खेपेला सासूबाईच पेंढा कापायला बसल्या. रोज पिशव्या पाहण्याचे काम त्यांनी आपणहून घेतले. वाईट बुरा ओळखायला त्यांच्याइतकी सराईत नजर त्या घरात दुसरी नव्हतीच.

तर वाईट बुरा कसा ओळखायचा? रंगावरून. आपले सूत पांढरे असते आणि पांढरेच राहते. हिरवा डाग दिसला की शत्रू आला. ही हिरवी बुरशी फसवी आहे. सुरुवातीला तीही पांढरी असते. दोन-तीन दिवसांत तिच्यावर हिरवी पूड धरते. म्हणून शंका आली की त्या डागाभोवती खुणेची रेघ ओढा आणि दोन दिवस नजर ठेवा. काळा किंवा नारिंगी डागही वाईटच. बोटाएवढाच डाग असेल तर पिशवी दुसरीकडे नेऊन ठेवा. कधी कधी आपले सूत त्याला तिथेच अडवते. डाग पसरत चालला तर माया करू नका. पिशवी न उघडता घरापासून लांब न्या आणि पुरून टाका. घरात उघडली तर ती हिरवी पूड उडून बाकीच्या पिशव्यांवर बसते. पैसे गेले म्हणून हळहळ वाटते. पण एक वाचवायला जाऊन पाच घालवू नयेत.

गठ्ठा पांढरा झाला की प्लॅस्टिक कापून काढा. आतापर्यंत सुताला अंधार आणि कोंडलेली हवा चालत होती. छत्रीला ती चालत नाही. सूत जोपर्यंत अन्नात शिरत असते तोपर्यंत त्याला फळ धरण्याची घाई नसते. अन्न व्यापून झाले, मोकळी हवा लागली, उजेड आला, ओलावा मिळाला की ते फळाला लागते. उजेड किती? पुस्तक वाचता येईल इतका. ऊन नको. खोलीत गोणपाट ओले करून टांगा. गठ्ठ्यावर दिवसातून दोन-तीनदा फवाऱ्याने पाणी शिंपडा. पाणी ओतू नका. हवा कोंडली तर देठ लांब होतात आणि छत्री बटणाएवढी राहते. असे दिसले की खिडकी उघडा.

तीन-चार दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके येतात. आणखी दोन-तीन दिवसांत झुबके काढणीला येतात. छत्रीची कड वर वळायच्या आत काढा. धरून हलकेच पिळा, म्हणजे निघते. उशीर केला तर छत्रीतून बारीक पूड उडते. त्या पुडीने काहींना खोकला येतो, छाती भरते. काढताना नाकाला फडके बांधावे. दम्याच्या माणसाला त्या खोलीत पाठवू नये.

एक बहर काढला की सूत संपत नाही. ते आतून पुन्हा सत्त्व गोळा करते. पाणी चालू ठेवा. आठ-दहा दिवसांनी दुसरा बहर येतो, मग तिसरा. तो आधीपेक्षा कमी असतो. एक किलो कोरड्या पेंढ्यावर तिन्ही बहर मिळून अर्धा ते एक किलो ओली अळिंबी मिळाली तर चांगले पीक समजावे. यापेक्षा मोठे आकडे सांगून कुणी महागडे बियाणे विकत असेल, "माल आम्हीच उचलू" म्हणत असेल, तर कागदावर लिहून मागा. तो कागद स्वतः वाचा. मगच अंगठा नव्हे, सही करा. आणि पहिल्या खेपेला दोनच पिशव्या लावा. ओली अळिंबी एक-दोन दिवसांत मलूल होते. जवळ गिऱ्हाईक कोण आहे हे आधी पाहून ठेवावे. उरली तर उन्हात कडक वाळवून डब्यात भरावी.

रानातल्या अळिंबीविषयी बोलणे भाग आहे. चांदीचे नाणे काळे पडले तर विषारी, लसूण काळा पडला तर विषारी, किड्याने खाल्ली तर चांगली, असे लोक सांगतात. यातली एकही परीक्षा खरी नाही. शिजवल्यानेही काही विषे जात नाहीत. काही विषारी अळिंबींचा त्रास सहा ते बारा तासांनी किंवा त्याहून उशिराही सुरू होतो. उलट्या-जुलाब होतात, मग बरे वाटू लागते, आणि त्याच वेळी आत काळीज निकामी होत असते. म्हणून रानातली अळिंबी खाऊन कुणाला त्रास झाला तर बरे वाटण्याची वाट पाहू नका. ताबडतोब दवाखाना गाठा. उरलेली अळिंबी बरोबर न्या.

पिशवी भरली की तिला एक चिठ्ठी बांधा. त्यावर तारीख लिहा. पेंढा कोणता, बियाणे कुठले, ते लिहा. पुढे वलय कधी दिसले, पांढरी कधी झाली, डाग कुठे आला, हेही लिहीत जा. पुढच्या खेपेला सुगरणीच्या विरजणासारखा तुमचाही हात बसेल, पण तोवर चिठ्ठीवरून कळेल की मागच्या वेळी कुठे अडले होते.

तिसरा बहर संपला की गठ्ठा फोडून खतात घाला. पेंढा इतका मऊ झालेला असतो की बोटांत चुरतो. गांडुळांना तो फार आवडतो. आता त्या तिन्ही पिशव्या परत इकडे येऊ द्या, आणि कुणाला काही विचारायचे असेल तर विचारा.